नांगराचा दगड

एकदा काय झालं, मथुरी नावाची एक पोर आई आणि आज्याबरोबर मचव्यातून परगावी निघाली. आजा तांडेल, म्हणजे मचवा हाकणारा. वाटेत वारा पडला आणि पाण्याचं पिंप गळून कोरडं झालं. समोर खाडीच्या तोंडाशी फिरंग्यांचं जुनं बंदर. केवढं शहर ते! दगडी तट, दगडी वखारी, बिनछपराचं चर्च. पण आत चिटपाखरू नाही.

गावातली म्हातारी सांगायची, त्या बंदराला होडी लावू नये, तिथे भुतं आहेत. कसली भुतं, असं विचारलं की कानाखाली एक बसायची. मोठी माणसं असंच करतात, बरं का. आपली लाज झाकायला भूत उभं करतात.

पण तहानेने जीव चालला. मग आज्याने धक्क्याशी नांगर टाकला. नांगर कसला, दोराला बांधलेला घडीव दगड.

"सूनबाई, आत विहीर आहे. कळशी भरून आण."

स्वतः नाही गेला. सुनेला धाडलं.

आई आत गेली आणि टण्ण! घंटा वाजली. चर्चच्या घंटाघरात तर घंटाच नव्हती! आजा पांढराफटक पडला.

"निघू या."

"आणि आई?"

"ती नाही येत आता."

"तुला काय माहीत, आजा?"

आजा दोराशी चाळा करत बसला. मग मथुरीने धक्क्यावर उडी घेतली.

भर दुपार, पण तिच्या पायाखाली सावली पडेना. पहिल्या गल्लीत वखारीची भिंत. भिंतीतला एक दगड गायब, आणि त्या भोकात एक माणूस उभा. अंग दगडाचं, डोळे तेवढे जिवंत. मथुरी पळाली. दुसऱ्या गल्लीत तशीच एक बाई. ती तर गावातली कमळीमावशी! समुद्रात बुडाली म्हणून सांगितलं होतं सगळ्यांना. मथुरी तिथूनही पळाली. तिसऱ्या गल्लीत चर्च, आणि त्याच्या भिंतीत आई. कमरेपर्यंत दगड झालेली.

"मथुरे, पळ! आपल्या घराने इथला दगड नेलाय. ही भिंत एका दगडामागे एक माणूस घेते."

टण्ण! दुसरी घंटा. दगड छातीशी चढला.

मग मथुरी धावत धक्क्यावर आली. आजा नांगर वर ओढत होता. ओल्या दगडावर फिरंगी अक्षरं चमकली.

"हा कुठून आणलास?"

"सगळेच आणायचे गं. कुणी जोत्याला, कुणी उंबऱ्याला. फुकटचा घडीव दगड."

"आणि माणसं गेली तर भुतांचं नाव! चल, उचल एका बाजूने."

"नांगर गेला तर मचवा वाहून जाईल."

"नाही उचललास तर गावात सांगते, सुनेला जाणूनबुजून धाडलंस."

तेव्हा कुठे म्हातारा उठला. भुताला भ्याला नसेल एवढा गावाला भ्याला.

दोघांनी दगड नेला. तीनदा हातातून निसटला, तीनदा उचलला. मथुरीची बोटं सोलून निघाली. आईच्या ओठापर्यंत दगड चढला होता. त्यांनी दगड तिच्या पायाशी टेकवला, आणि भिंतीने आईला बाहेर थुंकलं. दगड आपल्या जागी जाऊन बसला. तिसरी घंटा वाजलीच नाही.

आणि मचवा? तो ओहोटीने चिखलात रुतून बसला होता. नांगर लागलाच नाही! तिघांनी विहिरीचं पाणी भरलं, भरतीने मचवा तरंगला, वाराही सुटला, आणि ती घरी आली.

मथुरीने गावात सांगितलंच. मग काय करतात! लोकांनी जोती उकरली, उंबरे उखडले, होड्या भरभरून दगड परत नेले. घरं ठेंगणी झाली, पण कमळीमावशी आली, तो वखारीतला माणूस आला, सगळी आली. सगळी सुखाने नांदली. आज्याला मात्र पुन्हा कुणी तांडेल म्हटलं नाही.

चला, मिटा डोळे. आपल्या जोत्यात तसला दगड नाही, मी बघितलंय. उंबऱ्याचं सकाळी बघू. झोपा.