एकसष्ट पानांची चाचणी

"…पण बाबा, नवा ठेवायचा की जुना?"

विश्वंभरबाबा ओसरीवर चिंचा फोडत बसले होते. चिंचोके एका सुपात, गर दुसऱ्यात.

"कशासाठी रे?"

"रोजच्या कामासाठी. मठाची पत्रं, कागदपत्रं, टायपिंग. आणि आता ही पोथी."

"मग तूच बघ. मला त्यातलं काय कळतं?"

हेरंबला नेमकं हेच ऐकायचं होतं. तो दोन्ही लॅपटॉप छातीशी धरून आपल्या खोलीकडे जवळजवळ पळालाच.

पूर्णेकाठच्या खैरखेडच्या मठात हा हेरंब दोन वर्षांपूर्वी आला. त्याआधी तो नागपुरात संगणकाच्या दुकानात होता, आणि यंत्रांतलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही अशी त्याची समजूत होती. समजूत खोटी नव्हती, पण जरा जास्तच पक्की होती. मठात आल्यावर त्याने तीन कामं हाती घेतली आणि तिन्ही अर्धी टाकली. पहिलं चांगला स्कॅनर नाही म्हणून, दुसरं मनाजोगता फॉन्ट नाही म्हणून आणि तिसरं खुर्चीमुळे कंबर धरते म्हणून. साधनं नीट असती तर आपण काय काय करून दाखवलं असतं, हे मात्र त्याने मठात सगळ्यांना ऐकवून झालं होतं.

पोथीची नक्कल करणाऱ्याला त्या मठात लेखक म्हणत. हेरंबला लेखक व्हायचं होतं, अगदी मनापासून. पण अर्धं काम टाकणाऱ्याच्या हाती पोथी देणार कोण?

आणि चैत्रात एक दिवस बाबांनी ती दिली.

पोथी होती उमाई साळिणीच्या पदांची. ही उमाई फार पूर्वी मठात राहिली, मागावर बसून पदं गायली आणि गेली. त्या पदांची एकच पोथी उरली होती, तीही मठात नाही, शेजारच्या गावातल्या ढवळ्यांच्या घरी. त्या घराने ती कधी उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नव्हती, आणि तिचा फोटो काढायला आजही मनाई होती. आता घरात एकट्या गयाबाई राहिल्या होत्या आणि त्याही कायमच्या सुरतेला, मुलाकडे निघाल्या होत्या. जाण्याआधी त्यांनी पोथी रुमालात बांधून पंधरा दिवसांसाठी बाबांच्या हाती दिली. चौसष्ट पानं. कडांना बोट लागलं की तुकडा हातात येत होता.

पंधरा दिवसांत नक्कल झाली तर झाली. नाहीतर उमाई सुरतेला गेली म्हणायचं, आणि तिथे ती किती दिवस टिकणार हे पानंच सांगत होती.

त्याच दिवशी अचलपूरच्या पुंडलिकराव टाल्यांनी मठासाठी दोन लॅपटॉप पाठवले. त्यांचं संगणकांचं दुकान होतं. एक यंदाचा, एक तीन वर्षांपूर्वीचा पण खोकंही न फोडलेला. जो पसंत पडेल तो ठेवा, दुसरा परत पाठवा, असा निरोप होता.

हेरंबच्या अंगावर काटाच आला. हवी ती पोथी आणि हवं ते यंत्र, दोन्ही एकदम! दोन वर्षांत पहिल्यांदाच कशात खोट काढायला जागा नव्हती. योग्य लॅपटॉप एकदा ठरला की चार दिवसांत पोथी संपवतो, असं त्याने बाबांना सांगूनही टाकलं. बाबा नुसते हं म्हणाले.

आता त्या मठात एक रीत होती. कुठलंही नवं लिहिण्याचं साधन आलं, मग तो बोरू असो, शाई असो की कागद, तर आधी त्याने पोथीतलं एक पान उतरवून बघायचं. त्याला चाचणीचं पान म्हणायचं. ते पान नकलेत धरायचं नाही, साधन पसंत पडलं की सरळ पूर्णेत सोडून द्यायचं. खरी नक्कल त्यानंतर पहिल्यापासून सुरू करायची.

हेरंबने रीत मोडली नाही. उलट इतकी मनावर घेतली की विचारू नका.

पहिलं पान त्याने नव्यावर टाईप केलं. काय तो पडदा, काय तो उजेड! बोट टेकायचा अवकाश, की अक्षर उमटलंच. वजन तर पाटीपेक्षा कमी. मग दुसरं पान जुन्यावर. याची बटणं खोल होती, दाबली की बोटाला कळायचं. पेन ड्राइव्ह सरळ आत जायचा, नव्यासारखं अडॅप्टर लागायचं नाही. पंखा घरघरायचा, पण काम अडायचं नाही. आता आली का पंचाईत!

एका पानावर ठरवणं अन्यायाचं होईल, असं त्याला वाटलं. सकाळच्या उजेडात एक, दुपारच्या उन्हात एक. वीज असताना आणि वीज गेल्यावर. मांडीवर, पाटावर, टेबलावर. विषम पानं नव्यावर, सम पानं जुन्यावर, म्हणजे दोघांच्या वाट्याला सारखंच काम. वहीत त्याने सतरा रकाने आखले होते: बॅटरी किती उतरली, तळ किती तापला, बोटं कधी दुखली. जेवताना तो बॅटरीवर बोलायचा, नदीवर धुणं आपटताना बटणांवर. मठातले लोक त्याला लांबून येताना पाहिलं की वाट बदलायचे.

आणि चूक? चुकीची त्याला धास्तीच बसली होती. अक्षर चुकलं, तर ते आपलं चुकलं की बटणाचं, हे कसं कळणार? उगाच एखाद्या लॅपटॉपवर आळ यायचा. म्हणून एकेक ओळ तो पोथीशी तीन-तीनदा ताडून बघत असे. यंत्राला न्याय मिळाला पाहिजे, म्हणायचा.

सातव्या दिवशी बाबा दारातून डोकावले.

"सुरुवात केलीस का?"

"अजून नाही बाबा. अजून चाचणीच चालली आहे."

"चालू दे."

अकराव्या दिवशी सकाळी हेरंबचा निकाल लागला. सतरा रकान्यांची बेरीज त्याने दोनदा केली आणि वही हातात घेऊन अनवाणीच ओसरीवर आला. आनंदाने त्याला धाप लागली होती. लॅपटॉप ठरला होता. आता चाचणीची सगळी पानं पुसून टाकायची, पूर्णेत सोडल्यासारखीच, आणि शुद्ध मनाने पान एकपासून नक्कल सुरू करायची. चार दिवस हातात होते, आणि चारच लागणार होते. तो तोंड उघडणार एवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली.

गयाबाई उतरल्या. हातात पिशवी, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला.

"माहा पोरगा रातीच आला, बाबा," त्या म्हणाल्या. "उद्या पहाटेची गाडी हाये. पोथी न्यायले आली मी. झालं ना लिवून?"

हेरंबची वही हातातून निसटून चिंचोक्यांच्या सुपात पडली.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

"…नाही झालं," तो म्हणाला. "सुरूच नाही केलं. माझी चूक, गयाबाई. एक पानसुद्धा नाही."

गयाबाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्या बंदाशी चाळा करत राहिल्या. ते हेरंबला बघवेना. कुणी दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

बाबांनी विचारलं,

"अकरा दिवस टाईप काय करत होतास?"

"चाचणीची पानं."

"किती झाली?"

हेरंबने कधी मोजली नव्हती. चाचणीची पानं कुणी मोजतं का? त्याने वही सुपातून उचलली, शेवटची नोंद पाहिली आणि तिथेच थबकला.

"एकसष्ट…"

"घेऊन ये."

"पण बाबा, ती नकलेत धरायची नसतात. रीत आहे."

"कोण धरतंय? मेळ तर घालून बघू."

मेळ घालणं ही त्या मठाची जुनी कामाची पद्धत. एकाने मूळ पोथीतून वाचायचं, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ऐकायचं. जिथे आवाज आणि बोट एकमेकांना सोडतील तिथे चूक. चाचणीच्या पानाचा मेळ आजवर कुणी घातला नव्हता.

दोन्ही लॅपटॉप ओसरीवर शेजारी शेजारी मांडले गेले. बाबांनी पोथी उलगडून समोर घेतली. ते वाचायला लागणार तोच गयाबाईंनी हात वर केला. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण पोथी सगळी तोंडपाठ होती. सासूने गाऊन दिली, सासूला तिच्या सासूने.

"मी म्हणते," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाहा बरोबर हाये का ते."

आणि त्या गायला लागल्या.

पहिल्या पदाला हेरंबने पडद्यावर बोट ठेवलं. एक ओळ गेली, दोन गेल्या, पान संपलं. आवाज आणि बोट कुठेच सुटले नाहीत. दुसरं पान शेजारच्या लॅपटॉपवर, तिथेही तेच. तिसरं, चौथं… वीस पानं झाली आणि ओसरीवर मठातली माणसं जमायला लागली. वाट बदलणारेही आले. कुणी पाणी आणून ठेवलं, कुणी गयाबाईंच्या पाठीशी लोड दिला. बाई ऐंशीच्या घरातल्या, पण दमायचं नाव घेईनात. उमाई त्यांच्या गळ्यातून मागावरच्या धोट्यासारखी सरसर या टोकाकडून त्या टोकाकडे चालली होती आणि हेरंबचं बोट मागे मागे पळत होतं.

अठ्ठाविसाव्या पानावर हेरंबचं बोट अडलं. एक अक्षर सुटलं होतं. पुढे दोन ठिकाणी आणखी. हेरंबने तिथल्या तिथे नीट केलं. कुठल्या लॅपटॉपवर चूक निघाली ते टिपायचं त्याला सुचलंसुद्धा नाही.

ऊन ओसरीवरून खाली उतरलं तेव्हा एकसष्ट पानं झाली होती. तीन राहिली होती.

"म्हणा गयाबाई," हेरंब म्हणाला आणि जो हाताला लागला तो लॅपटॉप त्याने पुढ्यात ओढला.

त्या म्हणत गेल्या, तो उमटवत गेला. त्या दम घ्यायला थांबल्या की तो पोथीशी ताडून बघायचा आणि मान हलवायचा. शेवटची ओळ संपली. मग हेरंबने स्क्रीनवरून ते शेवटचं पद गयाबाईंना वाचून दाखवलं. गाता येत नव्हतं त्याला, नुसतंच वाचलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि रडता रडता हसल्या.

"उमाई राह्यली रे बापा इथं," म्हणाल्या.

हेरंबचा ऊर असा भरून आला की त्याला उठून अंगणात चक्कर मारून यावं लागलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं एक काम पुरं झालं होतं, आणि ते त्याने सुरूच केलं नव्हतं!

सांज व्हायच्या आत रिक्षा पोथी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी पुंडलिकरावांचा माणूस लॅपटॉप न्यायला यायचा होता. हेरंब सकाळीच हजर झाला. डोळ्यांत कालचाच उत्साह होता, आता त्यात थोडी ऐटही आली होती. लेखक म्हणून बाबांनी त्याचं नाव सकाळच्या प्रार्थनेत घेतलं होतं. आता मठातल्या सगळ्या पोथ्या आपण करू, एकूण एक पोथी, असं तो सांगू लागला. योजना मोठी होती. बाबांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

"एवढं सगळं काम कशावर करावंसं वाटतं तुला?"

"नव्यावर," हेरंब लगेच म्हणाला. "वहीतही तोच निघाला. अशा कामाला यंत्रही तोलामोलाचं हवं ना, बाबा."

"आणि नुसती चाचणी करायला?"

हेरंबने वही मिटली.

"…चाचणीला काय, कुठलाही चालेल. जुनाही."

बाबांनी सूप पुढे ओढलं आणि नवी चिंच हातात घेतली.

"मग नवा परत पाठव," ते म्हणाले. "आणि जुन्याची चाचणी जन्मभर चालू ठेव."