हजेरी ज्याच्या त्याच्या आवाजात

जंगलात झाडं जास्त आणि समित्या कमी होत्या, तेव्हाची ही गोष्ट. जंगलाच्या बाहेरच्या कडेला काठवन नावाची वस्ती होती. सिंहमहाराजांच्या गुहेजवळ ज्यांना राहायला जागा मिळत नसे, ते सगळे तिथे येत. शेळ्या, वानरं, मुंगसं, गाढवं. गुहेजवळच्या शाळेत नखं पाहून प्रवेश देत, म्हणून काठवनाने आपली हायस्कुलापर्यंतची शाळा स्वतःच बांधली. दगड धोंडबा गाढवाने वाहिले. पहिल्या वर्गावर त्याची बायको सगुणा उभी राहिली.

सगुणाबाईंच्या वर्गात हजेरी ज्याने त्याने आपल्या आवाजात द्यायची. शेळीने बें करायचं, मुंगसाने चिरकायचं, गाढवाने मनापासून ओरडायचं. कोणी कोणाला हसायचं नाही. "तुझा आवाज आला, म्हणजे तू आलास," असं ती म्हणायची. हजेरीतच अर्धी सकाळ जाई, तरी उरलेल्या वेळात मुलं शिकत. एका जागी उभी राहून राहून तिच्या खुरांनी फळ्यापुढच्या फरशीला खळगा पाडला होता.

पुढे महाराज एकमताने निवडून यायला लागले आणि शिक्षणात सुधारणा सुरू झाल्या. शिक्षकांना मुंग्या मोजायच्या कामावर नेलं. मुंग्या झाल्यावर वाळवी मोजायला सांगितलं. मुलांच्या दुपारच्या दाण्यांचं कोठार उंदरांच्या देखरेखीखाली दिलं. उंदीर अनुभवी होते. याच सुमारास ओढ्यापलीकडे राघूसर नावाच्या पोपटाने नवी शाळा काढली. तिथे हजेरीला सगळ्यांनी एकाच आवाजात "येस मिस" म्हणायचं. काठवनातल्या आईबापांना ते ऐकून भरून आलं.

सगुणा गेली, त्यानंतर फर्मान निघालं. ज्या शाळेत वीस मुलं नाहीत, ती बंद. धोंडब्याच्या घरात तिची म्हणावी अशी एकही वस्तू राहिली नव्हती. गाढवांच्या घरात काय असणार? होता तो फरशीतला खळगा. शाळा पडली की तोही जाणार.

वानरनानांनी लगेच शाळा बचाव समिती काढली. धोंडब्याला अध्यक्ष केलं, कारण घोषणांना त्याचा आवाज बरा होता. "आपली शाळा, आपला आवाज" म्हणत मोर्चे निघाले. मोर्चा सकाळी लवकर संपवावा लागे. सगळ्यांना आपापली पोरं राघूसरांकडे पोचवायची असत, आणि ती पोचवायचं काम धोंडब्याकडेच होतं. अध्यक्ष पाठीवर पोरं घेऊन शाळेवरून जात. सगळ्यात पुढे त्यांचा स्वतःचा नातू बसलेला असे. येताजाता अध्यक्षांना शाळेची अवस्था पाहून वाईट वाटे.

तपासणीला घुबड येणार असं कळलं. घुबडाला दिवसा दिसत नाही, म्हणूनच त्याला तपासणीस नेमलं होतं. समितीने ठरवलं की त्या एका दिवशी प्रत्येकाने आपलं मूल वर्गात बसवायचं. पण त्याच दिवशी राघूसरांकडे 'आपली बोली वाचवा' या विषयावर वक्तृत्व स्पर्धा निघाली, आणि सगळ्यांची पोरं त्यात होती.

"मग आपणच बसू की," वानरनाना म्हणाले. "त्याला कुठं दिसतंय? नाव आलं की आवाज काढायचा. वीस आवाज झाले की झालं."

ठरल्याप्रमाणे समिती बाकांवर बसली. घुबड खळग्यातच उभं राहिलं आणि नावं घ्यायला लागलं. पहिलं नाव शेळीबाईंच्या करडाचं होतं. शेळीबाई उठल्या. आता सरकारी पाहुण्यासमोर बें कसं करायचं? रोज रात्री पोराचा अभ्यास घेऊन घेऊन जिभेला वळणही पडलं होतं.

"येस मिस," शेळीबाई म्हणाल्या.

मुंगूस म्हणालं, येस मिस. वानरनाना तर मान वाकडी करून पोपटाहून सरस म्हणाले. धोंडब्याने मागून ढुशा दिल्या, शेपट्या ओढल्या, पण कोणी मागे हटेना. शेवटी त्याच्या नातवाचं नाव आलं. धोंडब्याने खळग्याकडे पाहिलं आणि पोटातून ओरडला. एकदा नाही, सगुणा गेल्यापासून आत साचलेलं सगळं बाहेर येईपर्यंत ओरडला. बाकावरचे काही जण हसले.

अहवाल आला. वर्गात एक पोपट व एक गाढव आढळले. पटसंख्या दोन.

शाळा बंद करायला स्वतः कोल्हेमंत्री आले. "शाळा बंद झालेली नाही," ते भाषणात म्हणाले. "ती मोठ्या शाळेत विलीन झाली आहे. चालत जाण्याने मुलांचे पाय मजबूत होतील." काठवनाने टाळ्या वाजवल्या. धोंडब्यानेही वाजवल्या. पुढचे पाय उचलले गेले तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

सभा संपल्यावर तो मंत्र्यांना एकटा भेटला. वर्गाची ती खोली तेवढी पाडू नका, म्हणाला.

"धोंडबामामा, भिंतीलाही हात लावणार नाही. शब्द देतो," मंत्री म्हणाले.

आणि शब्द पाळला. काठवनाच्या इतिहासात मंत्र्याने शब्द पाळल्याचं हे एकच उदाहरण आहे.

खोली आता पाच वर्षांतून एकदा उघडते. त्या दिवशी झाडून सगळं काठवन बाहेर रांगेत उभं असतं. इतका पट सगुणाच्या वेळीही नव्हता. मागच्या खेपेला धोंडबा आत गेला, तर मतपेटी नेमकी खळग्यात ठेवलेली होती. तिथे ती डगमगत नाही. टेबलामागच्या सशाने यादीतून नाव पुकारलं, "धोंडबा."

फळा तोच होता, खोली तीच होती. धोंडबा सवयीने मनापासून ओरडला.

सशाने त्याच्या खुराला शाई लावली. "मामा," तो हळूच म्हणाला, "इथं आवाज काढायचा नसतो. फक्त मत द्यायचं असतं."