लाह्यांच्या धुराचे घर

जातककथा मला सगळ्याच्या सगळ्या येतात. सगळ्या म्हणजे ही एक; आणि हिच्यातही जिथे आठवत नाही तिथे मी पदरचे घालतो. तेव्हा चुकले तर माझे, बरे वाटले तर शास्त्यांचे, म्हणजे भगवान बुद्धांचे.

एकदा विहाराच्या दारात दोघे भांडत आले. एक सुमन, पहिलेवहिले घर विकत घेऊन नुकताच मालक झालेला तरुण. आणि दुसरी चापा म्हातारी, त्या घरात आधीपासून भाड्याने राहणारी. तिच्या चुलीच्या धुराने भिंती काळ्या होतात म्हणून सुमन तिला बाहेर काढायला निघाला होता. शास्ते हसले. "तुमचं हे भांडण आजचं नाही," असे म्हणून त्यांनी मागची गोष्ट सांगितली.

पूर्वी शूर्पारक बंदरी कोणी एक राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व व्यापाऱ्याच्या कुळात जन्मले होते. आता वय झाले होते, चार घरे भाड्याने दिलेली होती, आणि दिवसाकाठी कुणाची तरी खोडी काढल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. कुणाच्या पागोट्यातून बेडूक उडाला की लोक म्हणत, मामा येऊन गेले. सारे बंदर त्यांना मामा म्हणे. सख्खा भाचा मात्र एकच, सोणक.

मामांचे बघून सोणकलाही घरमालक व्हावेसे वाटले. त्याने बायकोच्या, सुभेच्या, पाटल्या मोडून बंदराजवळ एक घर घेतले. "भाडं यायला लागलं की आधी तुझ्या पाटल्या," तो म्हणाला. सुभेने रिकाम्या मनगटावरून हात फिरवला आणि "बघू," म्हणाली.

त्या घरात पुण्णिका नावाची म्हातारी राहत होती. दिवसभर भट्टी पेटवून लाह्या भाजी. भाडे थोडे, तेही कधीकधी लाह्यांच्या रूपाने. खांब, वासे, भिंती, सगळे धुराने काळेकुट्ट. अशात एक नाखवा घर बघून गेला. "पावसाळा सरला, समुद्र खुला झाला की येतो. घर पांढरंस्वच्छ असेल तर तिप्पट भाडं देईन."

सोणक धावत मामांकडे गेला. "म्हातारीला काढतो, चुना मारतो आणि पावसाळाभर कुलूप घालतो!"

"म्हातारीला काढतोस, पण तिचा धूर तेवढा ठेवून घे," मामा म्हणाले. "वाटल्यास त्याला तूच भाडं दे."

"मामा, तुमचं आपलं काहीतरीच!" सोणक पोट धरून हसला. पागोट्यात बेडूक घालणाऱ्याचे बोलणे कोण मनावर घेणार?

पुण्णिका कढई डोक्यावर घेऊन बाहेर पडली. मामांची एक जागा चढ्या भाड्याने एका कापडवाल्याला द्यायची ठरली होती. मामांनी त्याला नाही म्हणून सांगितले आणि म्हातारीला ती जुन्याच भाड्यात दिली. वर म्हणाले, "तुझ्या धुराने माझ्या मिशा काळ्या होतील, तरणा दिसेन."

"मिशांचं होईल हो," पुण्णिका म्हणाली, "तोंडाचं काय करायचं?"

समुद्र खुला झाला. नाखवा आला. सोणकने सुभेलाही मिरवत आणले आणि कुलूप काढले. भिंती बगळ्याच्या पिसासारख्या. नाखव्याने कौतुकाने मधल्या खांबाला हात टेकला, तो मनगटापर्यंत आत गेला. वरून भुसा भुरभुरला. चुन्याखालचे लाकूड वाळवीने पोखरून फस्त केले होते.

"घर तर भाड्याने गेलेलं दिसतंय," नाखवा म्हणाला, "आणि माणसं फार आहेत," आणि चालता झाला.

सोणक उंबऱ्यावर बसला. सुभेच्या मनगटाकडे त्याला बघवेना. मामा आले, तेव्हा तो रडवेला होऊन म्हणाला, "सांगायचं नाही का मामा?"

"सांगितलं होतं रे."

"मला थट्टा वाटली."

मामा त्याच्याशेजारी बसत म्हणाले, "तेवढं माझं चुकलं. अरे, लाकडाला रोज धूर लागत राहिला की वाळवी तोंड लावत नाही. म्हातारी तुझं घर काळं करत नव्हती, राखत होती."

मामांच्या अंगणात पाचव्या घरासाठी आणलेले सागाचे खांब पडून होते. सकाळी मामा ते गाडीत घालून सोणकच्या दारात आले.

"आणि तुमचं पाचवं घर?"

"चार घरचे भाडेकरू शिव्या देतात, तेवढ्या पुरेत मला."

घर पुन्हा उभे राहिले. सोणक हात जोडून पुण्णिकेला आणायला गेला. "आधी तो चुना खरवड," ती म्हणाली, आणि त्याने खरवडला. भट्टी सुभेने स्वतः पेटवली. पाटल्या यायला पुष्कळ वर्षे लागली. तोवर सुभेने त्यांची आठवण करून द्यायचे एकदाही टाळले नाही.

"तेव्हाचा सोणक म्हणजे हा सुमन," शास्ते म्हणाले. "सुभा म्हणजे याची आताची बायको. पुण्णिका ही चापा, आणि मामा मीच. ज्याच्या चुलीवर आपलं घर उभं, त्याला घराबाहेर न काढणं, ही करुणा. आणि शहाणपणही तेच."

सुमनने मान खाली घातली आणि म्हातारीची वळकटी आपल्या खांद्यावर घेतली.

चापा पदर सावरत उठली. "भगवंत, तो जन्म माझा धुरात गेला, हाही चाललाय. पुढच्या खेपेला मला मालकीण करा, याला भाडेकरू. मग बघते, याला कशी करुणा दाखवते ती!"