वळचणीची खार

एके काळी जिथे साग-पळसाचे रान होते, तिथे आता छोट्या छोट्या बंगल्यांची वसाहत उभी राहिली होती. रान गेले, पण रानातली सगळीच मंडळी काही गेली नाहीत. वसाहतीच्या अगदी टोकाला असलेल्या कौलारू बंगल्याच्या अंगणात एक खार राहत असे.

ही खार मुलखाची भित्री होती. तिच्या आईने तिला लहानपणीच सांगून ठेवले होते, "बाळे, आपल्याला शिंगं नाहीत, सुळे नाहीत, विषही नाही. देवानं आपल्याला फक्त पाय दिलेत. पान हललं की आधी पळावं आणि ते कशानं हललं ते झाडावर जाऊन बघावं." खारीने हे बोल असे काही मनावर घेतले होते, की आपलीच सावली भिंतीवर पडली तरी ती शेपटी फुलवून अंगणातल्या पेरूच्या शेंड्यावर जाऊन बसायची.

त्या वर्षी चैत्रात तिला तीन पिल्ले झाली. झाडावर घरटे करावे तर कावळ्याची भीती, जमिनीवर बोक्याची. म्हणून तिने बंगल्याच्या वळचणीखाली, लाकडी फळीला पडलेल्या एका भोकातून आत शिरून कौले आणि छत यांच्यामधल्या पोकळीत आपला संसार मांडला. घरटे मऊ हवे म्हणून तिने काय काय नेले म्हणता? पायपुसण्याचा काथ्या नेला, वाळत घातलेल्या उशीतला कापूस नेला आणि झोपाळ्यावर ठेवलेल्या एका दुपट्याची कडसुद्धा कुरतडून नेली.

आता मुलांनो, ते दुपटे साधेसुधे नव्हते. बंगल्यात शरयूताई आणि अच्युतराव हे नवरा-बायको राहत असत. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. शरयूताईंनी आपली जुनी मऊ लुगडी काढून नातवंडासाठी दुपटी शिवायला घेतली होती. त्यातलेच एक फाटलेले पाहून त्यांचा जीव हळहळला.

"अहो, आता पुरे झालं हिचं," त्या अच्युतरावांना म्हणाल्या. "कुंड्या उकरल्या, वाळत घातलेले सांडगे पळवले, मी काही बोलले नाही. पण वरच्या खोलीत दिवसभर छतात खुडबुड चालते. बाळ-बाळंतिणीनं झोपायचं कसं? ते भोक आधी बुजवा."

"आजच बुजवतो," अच्युतराव म्हणाले. दुपारी त्यांनी शिडी लावली. भोकात काठी घालून चार-दोनदा खडखडवली. आतून काही बाहेर आले नाही. आत होता मिट्ट काळोख, आणि पाठीवर चैत्रातले ऊन. "गेली असेल," असे स्वतःशीच म्हणत त्यांनी तारेची जाळी भोकावर धरली, खिळे ठोकले आणि ते घाम पुसत खाली उतरले.

खार त्या वेळी कुंपणापलीकडच्या उंबरावर पोटाची आग विझवत होती. परत येऊन पाहते तो भोकाच्या जागी जाळी! तिने एक दात लावून पाहिला. तार कडक होती. तिने कान लावला. आतून अगदी बारीक, भुकेल्या आवाजात "ची... ची..." असे ऐकू आले. पिल्लांचे डोळेही अजून उघडले नव्हते. कौले तर अशी तापली होती, की तिचेच पाय पोळत होते. मग आतल्या कोवळ्या जिवांचे काय होत असेल?

ती जाळीच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे धावली. तार कुरतडता कुरतडता तिच्या ओठांतून रक्त आले. तार तुटली नाही.

तिचा आकांत ऐकून कावळा विजेच्या खांबावर येऊन बसला. मान तिरकी करून त्याने सगळे पाहून घेतले.

"व्यवहाराचं सांगू?" तो म्हणाला. "दुसरीकडे घर बघ. तू तरुण आहेस, पिल्लं पुन्हा होतील. माणसाशी वैर कुणाला परवडतं?"

खारीने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तेवढ्यात भिंतीवरून शेजारचा बोका हलक्या पावलांनी पुढे आला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "पोरी, रडू नकोस. त्या कोपऱ्यातलं एक कौल थोडं सरकलंय. तुझं अंग मावणार नाही, पण माझा पंजा आत जाईल. तू फक्त नेमकी जागा सांग, एकेकाला मी अलगद बाहेर काढतो."

संकटात सापडलेल्याला गोड बोलणारा देवासारखा वाटतो. खारीच्या तोंडून जागा निघणारच होती. इतक्यात तिला बोक्याची जीभ ओठांवरून फिरताना दिसली आणि ती एकदम गप्प झाली.

खाली पायरीवर त्या घरचा म्हातारा कुत्रा पडला होता. रोज सकाळी खारीच्या मागे धावण्याचा त्याचा नेम होता. आजवर त्याने तिला कधी पकडले नव्हते, आणि खरे सांगायचे तर तशी त्याची इच्छाही नसावी. तो मान न उचलता म्हणाला, "काय गं, वर दात का झिजवतेस? जाळी लोखंडाची आहे."

"मग काय करू?" खार वरूनच ओरडली. "माझी लेकरं भाजून निघतायत!"

"जाळी ज्यानं लावली त्याच्याकडे जा."

"माणसाकडे? ज्यांनी माझी पिल्लं कोंडली, त्यांच्याकडे?"

"त्यांना पिल्लं आहेत हे ठाऊक कुठे आहे?" कुत्रा म्हणाला. "मी इतकी वर्षं त्यांच्या दारात आहे. रागावतात, ओरडतात, पण जाणूनबुजून असं करायची नाहीत. तू त्यांना दिसतेस कधी? दिसते ती तुझी पळती शेपटी. त्यांना काय कळणार?"

"पण मला त्यांची भाषा येत नाही."

"मला तरी कुठे येते? तरी माझं पोट भरतंच की," कुत्रा म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

खारीचे काळीज धडधडू लागले. माणसाच्या पावलांचा आवाज आला तरी पळणारी ती, आता माणसाच्या पुढ्यात जाऊन उभी राहणार? पण आतली "ची... ची..." पहिल्यापेक्षा क्षीण झाली होती. तिने डोळे घट्ट मिटले, उघडले आणि पडवीच्या खांबावरून सरसर खाली उतरली.

शरयूताई पडवीत सुपात गहू निवडत बसल्या होत्या. समोर खार दिसताच त्यांनी हात झटकला. "शुक्! हो बाजूला!"

खार थरथरली, पण हलली नाही.

शरयूताईंनी केरसुणी उचलून जमिनीवर आपटली. ती खारीच्या शेपटीजवळच पडली. खारीच्या चारही पायांनी उडी घ्यायची तयारी केली होती. तिने ते पाय जागच्या जागी रोवून धरले. मग ती खांबावर थोडी वर गेली, जाळीकडे तोंड करून ओरडली, पुन्हा खाली आली आणि पुन्हा शरयूताईंच्या समोर उभी राहिली.

"अहो, जरा बाहेर या बरं," शरयूताईंनी हाक मारली. "ही खार पळत का नाहीये?"

अच्युतराव दारात आले. "पिसाळली असेल. लांब राहा तू. चावेल."

"पिसाळलेला प्राणी असा आर्जवं करतो का हो?"

त्या केरसुणी बाजूला ठेवून हळूच पुढे वाकल्या. खार मागच्या दोन पायांवर उभी होती. तिचे पुढचे पंजे छातीशी जुळले होते आणि सगळे अंग वाऱ्यातल्या पानासारखे कापत होते. शरयूताईंची नजर तिच्या पोटावर गेली. तिथले केस ओले होऊन चिकटले होते. स्तन भरून आले होते.

शरयूताई दचकून मागे सरल्या आणि त्यांच्या धक्क्याने शेजारचे सूप कलंडले. गहू पडवीभर पसरले.

"अगं बाई! ही लेकुरवाळी आहे! अहो, हिला पान्हा फुटलाय. पिल्लं आत राहिली!"

अच्युतरावांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी काठी घालून पाहिलं होतं गं. मला वाटलं, रिकामं आहे."

"डोळे न उघडलेलं पिल्लू काठीला भिऊन बाहेर येईल होय? आणि मीच तर तुमच्या मागे लागले होते. ते राहू द्या आता. आधी शिडी आणा!"

अच्युतरावांचे गुडघे दुखत होते, पण ते त्यांना त्या वेळी आठवलेच नाहीत. ते शिडी चढले. पक्कड लावून एकेक खिळा उपटला. जाळी सैल होताच आतून भट्टीसारखी गरम हवा तोंडावर आली.

"आता मागे सरा," शरयूताई म्हणाल्या. "आपण इथे उभे राहिलो तर ती बिचारी आत कशी जाईल?"

दोघेही लांब जाऊन उभे राहिले. खार बाणासारखी आत शिरली. बराच वेळ काही झाले नाही. शरयूताईंनी पदराचे टोक मुठीत घट्ट धरले होते. मग खार बाहेर आली. तिच्या तोंडात गुलाबी मांसाचा एक गोळा वळवळत होता. तिने ते पिल्लू पेरूच्या दाट सावलीत, फांदीच्या बेचक्यात ठेवले आणि ती पुन्हा धावली. दुसरे पिल्लूही वळवळत होते. तिसरे मात्र लोंबत होते.

बोका हे सगळे कुंपणावरून पाहत होता. तो खाली उतरून पेरूच्या दिशेने सरकू लागला. त्याच क्षणी म्हातारा कुत्रा उठला, आळोखेपिळोखे देत गेला आणि पेरूच्या बुंध्याला पाठ लावून बसला. तो एकदाही भुंकला नाही. बोक्याने त्याच्याकडे पाहिले, जांभई दिल्यासारखे केले आणि आल्या वाटेने निघून गेला.

वर बेचक्यात खार तिसऱ्या पिल्लाला चाटत होती. ती त्याचे पोट चाटे, तोंड चाटे, नाकाने त्याला हलवून पाही, पुन्हा चाटे. एक मंद झुळूक आली. पिल्लाचा एक पाय किंचित आखडला. मग त्याने तोंड उघडले आणि आवाज न करताच ते दूध शोधू लागले.

खारीने सुटकेचा असा श्वास टाकला, की तिचे सगळे अंग फांदीवर सैलावले. खाली शरयूताईंनी डोळे पुसले. "जिवंत आहे हो," त्या पुटपुटल्या. अच्युतराव पडवीच्या पायरीवर मटकन बसले आणि कितीतरी वेळ नुसते हसत राहिले.

ऊन उतरल्यावर त्यांनी बोक्याचा पंजा की कावळ्याची चोच आत पोचू नये असा एक अरुंद तोंडाचा चिरलेला माठ शोधून काढला. त्यात काथ्या आणि कापूस भरून तो आडवा करून पेरूच्या फांदीला घट्ट बांधला. खारीने कुरतडलेल्या त्या दुपट्याच्या चार पट्ट्या फाडून शरयूताईंनी आत टाकल्या. "नाहीतरी ते तिनंच आधी पसंत केलं होतं," त्या म्हणाल्या. खारीने माठ आतून-बाहेरून हुंगला, त्यात दोनदा गोल फिरून पाहिले आणि दिवेलागणीच्या आत आपली तिन्ही लेकरे तिथे नेऊन निजवली.

कावळा घरी परतण्यापूर्वी त्या फांदीवर टेकला. त्याला राहवेना. "खरं सांग," तो म्हणाला, "माणसांना तू असं म्हणालीस तरी काय?"

"बोलले कुठे?" खार म्हणाली. "मी फक्त पळाले नाही."

तात्पर्य : ज्याच्या हातून नकळत आपला घात होतो, त्याच्यापासून दूर पळून संकट टळत नाही; धीर धरून त्याच्या समोर उभे राहिले, तर पुष्कळदा त्याच हातांनी सुटका होते.