निळ्या खडूचा फळा

निंबोळे गावच्या साळी आळीत वाचनालयाच्या दाराशी एक काळा फळा टांगलेला आहे. पुस्तक नेले आणि मुदतीत परत आणले नाही, अशांची नावे त्यावर निळ्या खडूने लिहिलेली असतात. बाहेरगावचा पाहुणा ती वाचून हळहळतो, बिचाऱ्यांची अब्रू अशी वेशीवर कशाला टांगायची म्हणून. आळीकर नुसते हसतात आणि त्याला आत नेऊन भिंतीवरची निळी रेघ दाखवतात. गुडघ्याच्या जरा वर, चारी भिंतींवरून सरळ गेलेली. फळ्याची गोष्ट त्या रेघेपाशी सुरू होते.

सांगतात ते असे. या खोलीत पूर्वी सूत रंगवत. जमिनीतच निळीचे टाके होते. खोलीचे मालक मार्तंडशेट रंगारी. त्यांचे काम दुसरीकडे हलले, तेव्हा आळीतल्या अंबादास दिवटे मास्तरांनी ती वाचनालयासाठी मागितली. शेटनी दिली, पण अट घातली. "दर दसऱ्याला सरस्वतीपुढे शंभर पुस्तकं मांडायची. एक जरी कमी भरलं, तर खोली माझी. मला गाठोडी ठेवायला जागा हवीच आहे."

अंबादास मास्तर शिकलेले, सरळ, आणि फार धास्तावलेले. कोणी पुस्तक घरी नेतो म्हटले की त्यांना नाना शंका येत. पान दुमडले तर? चुलीपाशी ठेवले तर? तरी वाचनालय त्यांनीच चालवले. दुपारी माग थांबले की आळीतल्या बायका लिहा-वाचायला येत. पुस्तकातले एक पान वहीत उतरवून काढायचे, हा त्यांचा रोजचा धडा. वही भरली की ज्या त्या घरी नेत.

एका वर्षी मास्तरांच्या मनाने घेतले की दसऱ्याआधी सगळीच्या सगळी पुस्तके एकदा डोळ्यांखालून घालावीत. त्यांनी दवंडी पिटवली. ज्यांनी तरी आणली नाहीत, त्यांची एकवीस नावे फळ्यावर चढवली. पहिले नाव हौसाबाई ढोलेंचे. शेटकडेही एक पुस्तक होते, पण जागेच्या मालकाचे नाव लिहायला मास्तरांचा हात उचलेना. बाकी सगळी पुस्तके मात्र आली. दहा-दहांच्या चळती जमिनीवर मांडून मास्तर समाधानाने कुलूप लावून जेवायला गेले.

त्याच दुपारी, म्हणे, ओढा असा फुगला की आळीत कमरेइतके आणि जोत्यावरच्या वाचनालयात गुडघ्याच्या वर पाणी शिरले. ओसरल्यावर मास्तरांनी दार उघडले. जुन्या टाक्यातली नीळ वर आली होती, भिंतींवर पाण्याची निळी रेघ उमटली होती आणि चळतींच्या जागी निळ्या लगद्याचे ढीग होते. फळीवर असती तर वाचली असती. लोकांकडे असती तर वाचलीच असती. ज्याने जपायला म्हणून गोळा केली, त्यानेच बुडवली, हे मास्तरांना कोणी सांगायची गरज नव्हती. दसरा बारा दिवसांवर होता. त्यांनी चष्मा काढून सरस्वतीच्या तसबिरीपुढे ठेवला. "शंभर भरल्याशिवाय डोळ्यांना लावणार नाही," म्हणाले, आणि उंबऱ्यावर बसून राहिले.

चष्म्याशिवाय त्यांना माणसे आवाजावरूनच ओळखू येत. चौथ्या दिवशी समोर कोणीतरी घुटमळले.

"मास्तर, रागावणार नसाल तर एक सांगते."

"कोण, हौसाबाई?"

"मीच. फळ्यावरची पहिली." त्यांनी पदराखालून पुस्तक काढले. "चैत्रात नेलं होतं. शेवटची तीन पानं उरली होती. संपलं तर संपेल ना, म्हणून रोज एकच ओळ वाचत होते."

मास्तरांनी पुस्तक हातात घेतले, वासावरून ओळखले आणि लहान मुलासारखे रडले.

"अहो, रडता काय? त्या बाकीच्या चोरांना हाक मारा की!" असे म्हणून हौसाबाईंनीच आळीभर हाका मारल्या. फळ्यावर नावे एकवीस होती, पण एकेकाकडे दोन-दोन, तीन-तीन, अशी हौसाबाईंचे धरून पुस्तके निघाली साठ. कोणाच्या सुताच्या टोपलीत, कोणाच्या देव्हाऱ्यामागे. कोणी छपन्न म्हणतात, पण जुनी माणसे साठच सांगतात. मग बायकांनी आपल्या वह्या आणल्या, एकाच पुस्तकातली पाने उतरलेल्या वह्या मागाच्या दोऱ्याने एकत्र शिवल्या आणि त्यांवर पुस्तकांची नावे घातली. त्या झाल्या एकोणचाळीस.

दसऱ्याला मार्तंडशेट आले. वह्या पाहून त्यांनी भुवई वर केली. "ही पुस्तकं?"

"वाचून बघा, मग बोला," हौसाबाई म्हणाल्या.

शेटनी एक उचलली आणि उभ्या उभ्या वाचू लागले. दोन पाने, चार पाने. एके ठिकाणी मोठ्याने हसले. वही खाली ठेवली ती पुस्तकांच्या रांगेत. मग एकेकाला हात लावत मोजत गेले. "नव्व्याण्णव," म्हणाले आणि थांबले.

मास्तरांनी कमरेची किल्ली काढून पुढे धरली. शेटनी ती घेतलीच नाही. तसेच घरी गेले आणि धोतराच्या धडप्यात गुंडाळलेले एक पुस्तक घेऊन आले.

मास्तर चाचरत म्हणाले, "शेट, या पुस्तकासाठी मी तुमचं नाव मुद्दाम लिहिलं नव्हतं."

"म्हणून तर आणलं नाही! येता-जाता बघत होतो. सगळ्या आळीचं नाव लागलं, माझंच नाही. मी काय वाचत नाही? आधी नाव लिहा, मगच हे शंभरावं."

खडू पुराच्या पाण्यात भिजून निळा झाला होता. मास्तरांनी तसबिरीपुढचा चष्मा उचलला, डोळ्यांना लावला आणि सगळ्यांदेखत सुवाच्य अक्षरात लिहिले: मार्तंडशेट रंगारी. मग आळीत जो गलका उठला, तो ओढ्यापलीकडे ऐकू गेला असे सांगतात.

आजही साळी आळीत उशिरा पुस्तक आणणाऱ्याला कोणी बोल लावत नाही. हातावर गूळ-शेंगदाणे ठेवतात आणि त्या पुस्तकातले आवडलेले एक पान सगळ्यांना वाचून दाखवायला लावतात. पुस्तके आता हजारांनी आहेत, खोली कधीच वाचनालयाच्या नावावर झाली आहे. तरी दसऱ्याला सरस्वतीपुढे नव्व्याण्णवच मांडतात. ग्रंथपाल चष्मा काढून तसबिरीपुढे ठेवतो, आणि फळ्यावरच्या नावांपैकी कोणीतरी रमतगमत शंभरावे घेऊन येईपर्यंत सारी आळी दाराशी वाट पाहत उभी राहते.