हळूच उपटणाऱ्यांचं राज्य

त्या राज्यात जमिनीत पुरलेली कोणतीही वस्तू एका रात्रीहून अधिक काळ पुरलेली राहत नसे.

चारोळी नावाची तरुण खार दूरदेशीचं शिक्षण संपवून तिथे परतली, तेव्हा ती लढाईच्या तयारीने आली होती. वाटेत फांदीफांदीवर थांबून तिने भाषण घोकलं होतं. फुलं काय खायची आहेत, आपल्या बापजाद्यांनी कधी कुंडीत झुडूप लावलं होतं का, असे प्रश्न येतील असं तिला वाटलं होतं आणि प्रत्येकाला चोख उत्तर तिच्यापाशी होतं. प्रत्यक्षात कुणी काही विचारलंच नाही. पंचांचे प्रमुख जर्दाळूआबा म्हणाले, फुलं म्हणजे फारच उत्तम, आणि दाणे साठवायच्या मातीच्या साऱ्या कुंड्या त्यांनी तिच्या हवाली केल्या. तिची खारीकआत्या तर आनंदाने रडली. कंबर कसून आलेल्या चारोळीची गाठ विरोधाऐवजी उत्साहाशी पडली, आणि उत्साहाशी कसं लढायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आबांनी अट मात्र एक घातली. पानगळीच्या सणाला, भरदुपारी, पंचांना फूल दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर कुंड्या परत कोठारात जातील, चारोळी शेंगा सोलायला बसेल आणि फुलांचा विषय या राज्यात पुन्हा निघणार नाही. चारोळीने छाती पुढे काढून अट मान्य केली. फुलाशिवाय जगणं म्हणजे नुसतं पोट भरणं, असं तिचं मनापासूनचं मत होतं आणि ते तिने दिसेल त्याला ऐकवलं. ऐकणाऱ्यांना ते पटलंही.

दूरच्या शाळेत तिने काचेच्या घरातली नखरेल झाडं पाहिली होती. पण नवशिक्याने स्वस्तात सुरुवात करावी एवढी समज तिला होती. राज्याच्या आत काही उगवतच नसे. शेजारचं राज्य आपला पाऊस चोरतं, असं त्याचं कारण सगळे सांगत. वेशीबाहेरच्या कुंपणावर मात्र जास्वंद, तगर आणि कोरांटी कुणी न लावता माजली होती. तिने तिथून बोटभर जाडीच्या काड्या तिरक्या कापून आणल्या. कुंडीच्या तळाच्या भोकावर खापरी ठेवली, माती, वाळू आणि कुजलेला पाला कालवून भरला, काड्या खोचल्या, बेताचं पाणी दिलं आणि कुंड्या सावलीत ठेवून समाधानाने झोपी गेली.

सकाळी पाहते तर सगळ्या काड्या आडव्या.

चोरी झाली म्हणावं तर काडी एकही गेली नव्हती. चौकशीत कळलं की पहाटे शेजारीपाजारी येऊन काड्या उपटून, मुळं फुटली का ते पाहून गेले. त्या राज्याची ती रीतच होती. तिथे मातीवर कुणाचा विश्वास नसे. ज्याने त्याने आपलं पुरलेलं रोज उकरून पाहायचं आणि चांगल्या शेजाऱ्याने दुसऱ्याचंही उकरून पाहायचं. कुणी आजारी पडलं तर सारी आळी त्याच्या दारात उकरायला जमे, आणि जो सर्वात खोल उकरी त्याची माया सर्वात मोठी मानत. चारोळीच्या कुंड्यांवर तर साऱ्या राज्याची माया होती.

चारोळी चिडली नाही. हा अज्ञानाचा प्रश्न आहे आणि अज्ञान दूर करता येतं, अशी तिची श्रद्धा होती. तिने नव्या काड्या लावल्या आणि मुळं कशी फुटतात यावर वर्ग घेतला. वर्ग फार रंगला. नमुना दाखवण्यासाठी तिला एक काडी उपटावी लागली, आणि मागच्या रांगेतल्यांना नीट दिसलं नाही म्हणून आणखी काही. मग तिने पहारेकरी नेमले. पहारेकरी प्रामाणिक निघाले. कुणी काडी नेली तर नाही ना, याची खात्री ते प्रत्येक काडी वर काढून करत आणि जशीच्या तशी, क्वचित उलटी, परत खोचत. शेवटी तिने नियम केला की कुंड्यांना कुणीच हात लावायचा नाही. नियम सर्वांना आवडला. तो पाळला जातोय का हे पाहायला राज्य लोटलं, आणि पाहणं म्हणजे काय ते वर आलंच आहे.

मग तिने कुंड्या आपल्या ढोलीच्या तोंडाशी आणल्या आणि राखण स्वतः करू लागली. एका पहाटे खारीकआत्या तिच्यासाठी न्याहारी घेऊन आली, तर चारोळी कुंडीपाशी वाकलेली. दोन बोटांत जास्वंदीची काडी उचलून ती तिचं बूड उजेडाला धरून निरखत होती.

"काय करतेयस गं?" आत्याने विचारलं.

चारोळी क्षणभर गडबडली. मग म्हणाली, "आत्या, माझं वेगळं आहे. मी शिकलेय. मी हळूच उपटते."

"आम्ही काय धसमुसळेपणा करतो होय?" आत्याला खरंच वाईट वाटलं. "आम्हीही हळूच उपटतो, बाई."

चारोळीने तिला प्रगतीची नोंद आणि मायेची उकराउकर यांतला फरक समजावून सांगितला. आत्याने मान डोलावली, आणि समजला का ते पाहायला शेजारच्या कुंडीतली काडी उपटली.

सणाच्या आदल्या संध्याकाळी एकूण एक कुंडीत वाळकं सरपण उरलं होतं. चारोळी ते भाऱ्याने उचलून वेशीकडे टाकायला निघाली. पोकळ खोडाच्या मागे तिला एक तडकलेली कुंडी दिसली. हंगामाच्या सुरुवातीला, पहिल्यांदा काड्या उपटल्या गेल्या त्या दिवशी, एक काडी तिच्यात खोचून ती कुंडी तिने खोडाआड सरकवली होती आणि साफ विसरली होती. पुढे गांधीलमाश्यांनी नेमकं तिच्यावर पोळं बांधलं, त्यामुळे तिकडे कुणी फिरकलं नाही. त्या कुंडीत आता हातभर उंच जास्वंद उभी होती आणि शेंड्याला कळी होती. तांबडी, टपोरी, उद्या उमलेल अशी.

चारोळीचे डोळे भरून आले. आणि भरल्या डोळ्यांनी, मुळं कशी आहेत ते पाहायला, तिने हात घातला.

गांधीलमाशीने तिच्या नाकावर डंख केला. ती ओरडत ढोलीकडे पळाली. ओरडणं ऐकून आत्या आली, आत्याला कळी कळली, आणि मग सगळ्यांना कळली. राज्यात जल्लोष झाला. जर्दाळूआबांनी तिथल्या तिथे ठराव केला की सकाळी धूर करून पोळं हटवावं, म्हणजे त्या बिचाऱ्या रोपाची इतके दिवस झालेली आबाळ भरून काढता येईल.

"आबा, तेवढं नका करू. उद्या दुपारपर्यंत त्याला असंच राहू द्या," चारोळी सुजल्या नाकाने म्हणाली.

"असं कसं, पोरी?" आबा म्हणाले. "कळी धरलीय, आणि अशा वेळी त्याला एकटं टाकायचं? लोक काय म्हणतील आपल्याला?"

त्यांच्या डोळ्यांत निखळ काळजी होती. चारोळीपाशी त्या काळजीवर एकही चोख उत्तर नव्हतं. ती नाकाला ओल्या मातीचा लेप लावून पडून राहिली, आणि कळीपेक्षा जास्त विचार तिने स्वतःच्या हातांचा केला.

सकाळी उजाडताच मंडळी धुराचं सामान घेऊन निघाली. चारोळी वाटेत उभी होती. साऱ्या चांगल्या कुंड्या तिने ओळीने मांडल्या होत्या, काठोकाठ मऊ माती भरून, पाणी शिंपडून. त्यांत काही लावलेलं नव्हतं.

"पोळ्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "फूल तिकडे येणार असलं तरी पाहणी इथे करायची असते. दूरदेशी हीच पद्धत आहे."

दूरदेशीची पद्धत म्हटल्यावर आबांनी धुराचं सामान खाली ठेवलं. इतक्या सोयीची पद्धत आधी का नाही सांगितली, असं आत्या तेवढी पुटपुटली. मग आबांनी पहिल्या कुंडीत हात घातला, आणि पाहता पाहता राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रांगा लागल्या. पुढचे मान खाली घालून कोपरापर्यंत उकरत होते, मागचे त्यांना आणखी खोल जायला सांगत होते, आणि सगळ्यांचे चेहरे तृप्त होते.

ऊन वर आलं. पोकळ खोडामागे, माश्यांच्या गुणगुणीत, पहिली तांबडी पाकळी सुटली. ती चारोळीला जागेवरून दिसली. तिचे पंजे शिवशिवले; पंचांना फूल दाखवायच्या भरदुपारीला अजून वेळ होता.

ती वळली आणि नुसत्या मातीच्या कुंड्यांकडे जाऊन सर्वात लांब रांगेत शेवटी उभी राहिली.