कडुनिंबावरची घंटा

एकदा एका नदीकाठच्या गावी गालिचे धुण्याचा व्यवसाय करणारा एक वृद्ध राहत होता. हा काही साधासुधा उद्योग नव्हे बरं का. चादर आपटली, पिळली, दोरीवर फेकली, असलं काही इथे चालत नाही. जुना गालिचा म्हणजे घरातलं वयस्क माणूस, त्याला न्हाऊ घालायचं ते हलक्या हातानं. आधी तो उलटा पसरून छडीनं धूळ झाडायची, मग रिठ्याच्या पाण्यानं धुवायचा आणि सावलीत वाळवायचा. लांबलांबच्या गावांतले लोक आपले पिढीजात गालिचे बैलगाडीत घालून या वृद्धाकडे आणीत आणि निर्धास्त मनानं परत जात.

वृद्धाच्या धुण्याच्या ओट्याजवळ एक कडुनिंब होता आणि त्याच्या फांदीला एक पितळी घंटा टांगलेली होती. ती देवाची नव्हती, कामाची होती. धुताना कोणाच्याही हातून रंग फुटला, म्हणजे एका रंगाचं पाणी शेजारच्या रंगात उतरू लागलं, की त्यानं तत्क्षणी घंटा वाजवायची. घंटा ऐकली की ओट्यावरच्या बाकी कामकऱ्यांनी हातातलं काम टाकून थंड पाण्याच्या घागरी घेऊन धावायचं. चूक कशी झाली, कोणाची झाली, हे विचारायचं नाही. आधी पाणी, बाकीचं मागाहून.

नवल असं, की ही घंटा सर्वांत अधिक वेळा खुद्द वृद्धच वाजवीत असे. पांढऱ्या केसांचा, पंचक्रोशीत नावाजलेला हा माणूस निळ्या रंगाची बारीकशी रेघ सरकली तरी दोरी ओढायचा, आणि एवढ्याशा रेघेसाठी सगळा ओटा गोळा व्हायचा. त्याच्या पट्टशिष्याला हे पाहून कसंतरीच व्हायचं. बाबांचा हात आता थकला, डोळे अधू झाले, असं तो मनाशी म्हणायचा आणि मान दुसरीकडे वळवायचा.

हा शिष्य मोठा हुशार होता, यात शंका नाही. शिकाऊ होता तेव्हा त्यानंही घंटा वाजवली होती, पण त्याला आता बराच काळ लोटला होता. 'आपल्याला घंटा लागत नाही,' ही गोष्ट तो कोणाजवळ बोलत नसे, पण ती सर्वांना ठाऊक असेल याची मात्र काळजी घेई. एके दिवशी त्यानं घंटेची दोरी गुंडाळून वरच्या फांदीला बांधून टाकली. वाऱ्यानं तोंडावर येते, असं कारण सांगितलं. चांगुणा नावाची एक विधवा बाई ओट्यावर नव्यानं कामाला लागली होती. तिच्या हातून रंग वरचेवर फुटायचा, आणि मग ती बिचारी घागर पालथी घालून, तीवर चढून दोरीला हात लावायची. शिष्य हसून म्हणायचा, "चला, चांगुणाबाईंची आरती सुरू झाली." सगळे हसायचे. चांगुणाही हसायची, पण तिचे कान लाल व्हायचे.

वृद्ध हे सर्व पाहत होता. लवकरच ओट्याचा कारभार शिष्याच्या हाती जाणार, अशी कुजबुज सगळीकडे होती.

अशा दिवसांत एक व्यापारी एक गालिचा घेऊन आला. माणूस सधन होता, पण गालिचा त्यानं नोकराच्या हाती न देता स्वतः उलगडला. गर्द तांबडी किनार, दुधी रंगाची जमीन आणि मधोमध पंख पसरलेला एक पांढराशुभ्र हंस.

"माझ्या पत्नीनं, यमुनेनं, स्वतःच्या हातानं विणलाय हा," व्यापारी म्हणाला. "मुलगी तान्ही असतानाच ती गेली. मुलीला आईचा चेहरासुद्धा आठवत नाही. आता तिचं लग्न ठरलंय आणि तिनं एकच हट्ट धरलाय, की लग्नविधीला बसेन तर आईच्या गालिच्यावर. बाबा, तिच्याजवळ आईचं म्हणून एवढंच आहे हो."

वृद्धानं गालिच्याला हात लावून नमस्कार केला आणि तो शिष्याच्या स्वाधीन केला. ही परीक्षा आहे, हे शिष्यानं ओळखलं.

त्यानं काम मन लावूनच केलं. ओलं पांढरं फडकं प्रत्येक रंगावर दाबून पाहिलं. फडक्याला रंग लागला नाही, म्हणजे रंग पक्के. मात्र किनारीचा एक वीतभर तुकडा पूर्वी केव्हातरी उंदरानं कुरतडला होता आणि कोणीतरी तो वेगळ्या लोकरीनं सांधला होता. वरून पाहता तांबडा तो तांबडाच दिसे. गालिचा उलटून पाहिला असता तर सांधा दिसला असता. झाडताना तो उलटा होता, तेव्हा शिष्याचं लक्ष हंसाचं कौतुक कोण कसं करील याच्याकडे होतं.

रिठ्याचं पाणी पडलं आणि त्या वीतभर तुकड्यातून तांबडं पाणी सुटलं. पाहता पाहता ते हंसाच्या पंखापर्यंत पोचलं.

शिष्यानं वर पाहिलं. दोरी फांदीवर होती, त्यानंच बांधलेली. ती गाठायची तर घागर पालथी घालून तीवर चढावं लागणार, सगळ्यांच्या देखत. पलीकडे चांगुणा गालिचा खळबळत होती. कालच तर तो तिच्या आरतीवर हसला होता.

त्यानं घंटा वाजवली नाही.

धोतराच्या सोग्यानं त्यानं पंख टिपला, पुन्हा टिपला. रंग निघण्याऐवजी पसरला. वाळल्यावर फिका पडेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि गालिचा भिंतीकडे तोंड करून वाळत घातला. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याची पाठ दिसत होती, हंस दिसत नव्हता. कोणी विचारलं तर म्हणायचा, "नाजूक आहे, हात लावू नका." त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. वृद्ध जवळून गेला की तो गालिच्यासमोर येऊन उभा राहायचा. चांगुणानं एकदा सहज विचारलं, "दादा, बरं नाही का?" तर तो तिच्यावर खेकसला आणि लगेच त्याचीही त्याला लाज वाटली. लाजेवर लाज साचत गेली आणि तिकडे भिंतीशी गालिचा वाळत गेला.

व्यापारी यायचा त्याच्या आदल्या दुपारी वृद्धानं स्वतः गालिचा उतरवला आणि ओट्यावर पसरला. हंसाचा उजवा पंख तांबूस झाला होता. वृद्धानं त्यावर तळहात ठेवला. लोकर कोरडी ठणठणीत होती. शिष्य मान खाली घालून उभा राहिला. आता शिव्यांचा भडिमार होईल, कदाचित हाकलून देतील, असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तसं झालं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं.

पण वृद्ध कडुनिंबाखाली गेला, त्यानं एक घागर पालथी घातली, हळूहळू तीवर चढला आणि घंटा वाजवू लागला. ठणाणा, थांबेचना.

सगळे धावत आले. घागरी हिंदकळत होत्या, पदर खोचलेले होते. "कुठं फुटला, बाबा?" चांगुणानं धापा टाकत विचारलं. वृद्धानं गालिच्याकडे बोट दाखवलं. ती गुडघ्यांवर बसली, पंखाला हात लावला आणि गोंधळून म्हणाली, "पण हा तर वाळलाय."

"होय," वृद्ध म्हणाला.

"मग आता पाणी घालून काय होणार?"

"काही नाही. जा तुम्ही, आपापलं काम करा."

माणसं घागरी खाली ठेवून गेली. सगळ्यांना सगळं कळलं होतं. कोणी हसलं नाही, कोणी शिष्याकडे वळूनही पाहिलं नाही. आणि तेच त्याला सोसवेना. ओट्यावर भरलेल्या घागरी तशाच राहिल्या होत्या. तो मटकन त्यांच्यामध्ये खाली बसला.

"बाबा, तुम्ही रागवाल म्हणून..." तो बोलू लागला आणि थांबला. "नाही. खोटं कशाला बोलू? चांगुणा हसेल म्हणून नाही वाजवली."

वृद्ध त्याच्याजवळ बसला. म्हणाला, "अरे, लोकरीचा एक स्वभाव आहे. ओली असेतो ती आलेला परका रंग सोडून द्यायला तयार असते. एकदा वाळली, की तोच रंग आपला म्हणून धरून बसते. रंग फुटला ही चूक घटकाभराची होती. माझ्या हातून तसल्या चुका अजून होतात. त्या वेळी तू हाक मारली असतीस, तर ही एवढी माणसं, एवढं पाणी तुझ्यासाठी धावून आलं असतं. आज बघ, तीच माणसं आहेत, तेच पाणी आहे, आणि हंसाला त्याचा उपयोग नाही. लाज वाटली त्यात वाईट काही नव्हतं. लाज वाटली म्हणजे काहीतरी बिघडलंय हे तुला समजलं होतं. पण त्या लाजेनं तुझा हात दोरीकडे जायला हवा होता. तुझा गेला गालिच्याचं तोंड भिंतीकडे करायला."

शिष्य हलकेच म्हणाला, "मला वाटायचं, तुमचा हात थरथरतो म्हणून तुम्ही सारखी घंटा वाजवता."

"थरथरतोच की," वृद्ध म्हणाला. "पण माझे गालिचे वाचतात." मग उठताना त्यानं विचारलं, "उद्या शेठजींना मी सांगू?"

"नको. मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला, सोबत त्याची मुलगीही होती. शिष्यानं गालिचा सुलटा पसरला, हंस वर, उजेडात. मुलगी वाकली आणि पंखाच्या तांबूस भागावरून तिनं बोट फिरवलं.

"हा डाग आधीचाच आहे का? माझ्या ध्यानात नाही," व्यापारी म्हणाला.

सुटायला वाट किती सोपी होती! नुसती मान डोलावली असती तरी पुरे होतं. शिष्य म्हणाला, "नाही शेठजी. माझ्या हातून पडला."

"मग काही करता आलं नसतं का?"

याचं उत्तर देणं शिष्याला डाग दाखवण्याहून अवघड गेलं. "आलं असतं," तो म्हणाला. "त्याच वेळी हाक मारली असती तर निघाला असता. मी लाजेपायी लपवला."

मुलीनं पंखावरचं बोट उचललं आणि ती म्हणाली, "मी बसेन यावरच. पण माझ्या आईचा हंस पांढरा होता." बापलेकींनी मिळून गालिचा गुंडाळला, गाडीत ठेवला आणि ते निघून गेले. क्षमा कोणी केली नाही, आणि शिष्यानंही ती मागितली नाही. रस्त्यावरची धूळ खाली बसेपर्यंत तो तिथेच उभा होता.

मग तो कडुनिंबावर चढला, फांदीला बांधलेली दोरी सोडली आणि कोणाच्याही हाताला येईल इतकी खाली सोडून दिली. वृद्धानं ते दुरून पाहिलं आणि तो पुन्हा आपल्या कामाला लागला.

पुढे काही दिवसांनी शिष्य एक जुना निळा गालिचा धूत होता. धुता धुता निळ्या रंगाची एक बारीक रेघ पांढऱ्यात सरकताना त्याला दिसली. इतकी बारीक, की फडक्याच्या टोकानं त्याची त्यालाच टिपता आली असती. आजूबाजूला सगळी मंडळी कामात होती. त्याचे कान तापले, चेहरा लाल झाला. आणि त्यानं हात वर करून घंटा वाजवली.

सर्वांत आधी चांगुणा पोचली, भरली घागर कमरेवर घेऊन. "कुठं, दादा?" तिनं विचारलं.

त्यानं बोट ठेवून जागा दाखवली. लोकर अजून ओली होती.